जुना बाजार आणि वाचकाची पारख

ग्रंथाचें मोल ठरविणारे अधिकारी आपल्याकडे तीन मानले जातात. पहिला टीकाकार, दुसरें पारितोषिक देणारें मंडळ आणि तिसरा पाठ्यपुस्तकें नेमणारा विद्वान. या तिघांच्या निकालांवर आपल्या मासिकांतून पुष्कळ वादविवाद होत असतात. परंतु चौथा एक अधिकारी आहे आणि त्याच्या निकालाची दाद कोणी घेत नाहीं. आठवड्याच्या बाजारांत जमिनीवर पोतें पसरून जुनीं पुस्तकें विकणारा मनुष्य तो हा अधिकारी होय. तो बहुधा आपला माल वाचीत नाहीं, परंतु प्रत्येक ग्रंथाचा भाव सांगून आठवड्यांतून एकदां तो आपलें मत देतो. त्या मताची किंमत किती, आणि तेथें सौदा साधण्यासाठीं जाणाऱ्या सुशिक्षित वाचकाच्या वृत्तीची किंमत किती, या दोन प्रश्नांचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

छत्रपति संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, छावणीपलीकडे पडेगांव आहे. तेथील रहिवाशाला आठवड्याचा बाजार म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. गुरुवार म्हटला कीं छावणी, रविवार म्हटला कीं जाफर गेट. बाजार आणि वार यांची येथें कायमची गांठ पडलेली आहे. अशा बाजारांत मुख्य मान धान्याचा आणि भाजीपाल्याचा. जुन्या वस्तूंचा पसारा कडेला असतो, आणि त्यांत पुस्तकें आलींच तर तीं पक्कड, कुलूप, पितळेची समई व बंद पडलेलें घड्याळ यांच्या शेजारीं बसतात. पुण्याचा जुना बाजार रविवारीं व बुधवारीं भरतो, त्याचीहि प्रकृति अशीच संमिश्र आहे. केवळ पुस्तकांचाच रविवार पाहावयाचा तर मराठवाडा ज्या संस्थानाचा १९४८ पर्यंत भाग होता त्याच्या राजधानींत, हैदराबादेच्या आबिड्स भागांत, जावें लागतें. रविवार निवडण्याचें कारण अगदीं साधें आहे. त्या दिवशीं पक्कीं दुकानें बंद असतात आणि त्यांच्यासमोरची फरसबंदी मोकळी असते. दुसऱ्याच्या सुटीच्या दिवशीं उसन्या जागेवर उभा राहिलेला हा व्यापार असल्यामुळें त्याचें आयुष्यहि उसनेंच असतें. दिल्लीच्या दर्यागंजांतील रविवारचा पुस्तकबाजार अनेक दशकें पदपथावर भरत होता. २०१९ सालीं न्यायालयाच्या आदेशानें तो तेथून उठला आणि महिला हाटाच्या आवारांत गेला.

हीं पुस्तकें बाजारांत येतात तरी कशीं? ग्रंथांचा संग्रह करणारा गृहस्थ निवर्ततो. मुलें पुण्यामुंबईस किंवा परदेशीं असतात. जुनें घर पाडून तेथें सदनिका उभ्या करावयाच्या असतात. कांहीं महिने जातात आणि एके दिवशीं कपाट रिकामें करण्याची वेळ येते. भांडीं वाटून घेतलीं जातात, दागिन्यांची यादी होते, पुस्तकांसाठीं मात्र रद्दीवाल्याला हांक मारली जाते. तो तराजू घेऊन येतो, आणि चाळीस वर्षांची निवड अर्ध्या तासांत किलोच्या हिशेबांत उतरते. दुसरा प्रवाह वाचनालयांचा. जागा अपुरी पडली कीं फाटक्या व अनेक वर्षें कोणीं न मागितलेल्या प्रती बाद केल्या जातात. तिसरा प्रवाह परीक्षार्थींचा. निकाल लागला कीं त्यांना आपलीं पुस्तकें डोळ्यांसमोर नकोशीं होतात. रद्दीचा मोठा व्यापारी कागद गिरणीकडे पाठविण्यापूर्वीं त्यांतून विकण्याजोगें निवडून ठेवतो आणि बाजारांतला विक्रेता तें त्याच्याकडून उचलतो. अर्थात् पोत्यावर दिसणारें प्रत्येक पुस्तक हें लगदा होतां होतां वांचलेलें पुस्तक असतें. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्याच्या भावाविषयींची आपली कुरकुर पुष्कळ कमी होते.

विक्रेत्याचे भाव लहरी वाटतात, पण त्यांना नियम आहेत. जाड पुस्तक बारीक पुस्तकाहून महाग, पुठ्ठ्याच्या बांधणीचें साध्या बांधणीच्या पुस्तकाहून महाग, इंग्रजी मराठीहून महाग, सचित्र तर अधिकच महाग. सर्वांत वरचा मान परीक्षेच्या पुस्तकांना, कारण त्यांचें गिऱ्हाईक ठरलेलें असतें. सर्वांत खालीं साठ पानांचा कवितासंग्रह, त्याच्या थोडा वर टीकालेखांचा संग्रह, आणि त्यांच्याच आसपास जुन्या मासिकांचे सुटे अंक. टीकाकारांनीं मोठ्या परिश्रमानें रचलेली उतरंड येथें बरोबर उलटी झालेली दिसते. यांत विक्रेत्याला दोष देणें अन्यायाचें होईल. तो साहित्याचा भाव सांगतच नाहीं. आपण काय मागतों, कशासाठीं थांबतों आणि काय ओलांडून पुढें जातों, याचा तो वर्षानुवर्षें घेतलेला हिशेब सांगतो. कवितेची पुस्तकें तळाशीं गेलीं असतील तर तीं आपल्याच मागणीनें गेलीं आहेत.

परंतु या ढिगावरून वाङ्मयाविषयीं अनुमान काढणारानें फार सावध असावयास पाहिजे. एखादें पुस्तक बाजारांत वारंवार दिसतें म्हणून तें लोकप्रिय होतें असें ठरत नाहीं, आणि जें कधींच दिसत नाहीं तें कोणास नको होतें असेंहि ठरत नाहीं. जें पुस्तक घरांत खरोखर वापरलें गेलें तें बहुधा बाजारापर्यंत पोंचतच नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणीमित्रा’सारखें पाकशास्त्राचें पुस्तक स्वयंपाकघरांत तेलाच्या बोटांनीं उलटलें जाऊन शेवटीं पानापानानें संपतें. पोथ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्या रद्दींत देण्यास घरांतील माणसें धजत नाहींत. त्या देवळांत ठेवल्या जातात किंवा पाण्यांत सोडल्या जातात. मुलांचीं आवडतीं पुस्तकें मुलेंच संपवितात. उलट वाढदिवसास किंवा लग्नांत भेट आलेलें, पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरांत आशीर्वाद लिहिलेलें आणि पुढें एकदांहि न उघडलेलें पुस्तक मात्र कोऱ्या करकरीत स्थितींत पोत्यावर येऊन पडतें. तेव्हां ज्या सुस्थितीबद्दल आपण चार रुपये अधिक मोजतों ती पुष्कळदां मागच्या मालकाच्या उदासीनतेची खूण असते. खुणा केलेलें, समासांत वाद घातलेलें, कोपरे दुमडलेलें पुस्तक बाजारांत स्वस्त मिळतें. आमच्या मतें पहिली पसंती त्यालाच द्यावी, कारण त्यांत ग्रंथाबरोबर ग्रंथाचा एक वाचकहि मिळतो. समासांतला तो अनामिक टीकाकार कधीं चुकतो, कधीं भलत्याच ठिकाणीं ‘वा!’ म्हणतो, परंतु त्यानें तें पान वाचलें होतें एवढें निश्चित.

या बाजारांतील सर्वांत मोठा सौदा कोणता, असें आम्हांला कोणीं विचारलें तर आम्ही निःशंकपणें जुन्या मासिकांच्या बांधलेल्या वार्षिक खंडांकडे बोट दाखवूं. कादंबरी चांगली असली तर तिची नवी आवृत्ति निघते. नाटक चाललें तर तें पुन्हां छापलें जातें. मासिकांतील लेखाला असा दुसरा जन्म क्वचितच मिळतो. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललें. मराठींतील ग्रंथपरीक्षणाला वळण लावण्यांत त्याचा मोठा वांटा आहे. त्या सत्तर वर्षांतील कितीतरी लेख कोणत्याहि संग्रहांत आले नाहींत. का. र. मित्र यांनीं ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक १९०९ सालीं काढला आणि दिवाळी अंकांची आज चालू असलेली प्रथा सुरू झाली, त्या अंकांतील चित्रें, जाहिराती व वाचकांचीं पत्रें यांवांचून त्या काळच्या मध्यमवर्गाच्या घराचें चित्र पुरें होणार नाहीं. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’मुळें १८०० ते १९३७ या काळांतील पुस्तकांचा निदान पत्ता तरी लागतो. मासिकांतील फुटकळ लेखांचा माग काढणें त्या मानानें अवघड असतें. म्हणून बांधलेला खंड उसवून त्यांतील चित्रें निराळीं विकलीं गेलीं कीं कांहीं लेख कायमचे जातात, आणि ते गेले हें कोणास कळतहि नाहीं. केतकरांच्या ‘ज्ञानकोशा’चे तेवीस विभाग सुटे सुटे विकले जातात तेव्हां हळहळ वाटते, परंतु त्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रती ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. मासिकाच्या एखाद्या अंकाविषयीं अशी खात्री देतां येत नाहीं.

आतां गिऱ्हाइकाकडे वळूं. जुन्या बाजारांत जाणाऱ्या सुशिक्षितांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग भावाचा अभिमानी. तो घरीं आला कीं पुस्तक किती रुपयांना मिळालें हें आधीं सांगतो, आणि पुस्तक कशाविषयीं आहे हें विचारल्यावर पाठीमागचा मजकूर वाचूं लागतो. दुसरा वर्ग पहिल्या आवृत्तीच्या शोधांत असतो. त्याला मुखपृष्ठ, छापखान्याचें नांव आणि प्रकाशनाचें साल यांची उत्तम माहिती असते. आपलें मुद्रण किती सुंदर होतें हें निर्णयसागराचें एखादें पुस्तक हातांत धरून त्याच्याइतकें दुसरा कोणी सांगूं शकत नाहीं. हा वर्ग उपकारक आहे, परंतु त्याच्या कपाटांत गेलेलें पुस्तक बहुधा पुन्हां कोणाच्या हातीं येत नाहीं. तिसरा वर्ग वाचकाचा. तो एखाद्या विषयाच्या मागें लागलेला असतो आणि हवें तें न मिळाल्यास रिकाम्या हातानें परततो. तिघेहि घासाघीस करतात. पण पहिल्या दोघांचें काम पैसे दिल्यावर संपतें आणि तिसऱ्याचें तेथून सुरू होतें.

चार्ल्स लॅम्ब याचा ‘ओल्ड चायना’ हा निबंध १८२३ सालचा आहे. हातांत पैसा खेळूं लागल्यावर खरेदींतला जुना आनंद कां हरपला, असा त्यांतला प्रश्न आहे. एका जाड ग्रंथासाठीं आठवडेच्या आठवडे विचार करणें, अंगावरचा कोट आणखी कांहीं दिवस ओढणें आणि शेवटीं रात्रीं उशिरां जाऊन तो ग्रंथ घरीं आणणें, हें त्या भावंडांचें सुख होतें. त्यांना तो ग्रंथ स्वस्त पडला नव्हता. त्यांच्या ऐपतीच्या मानानें तो महागच होता. जुन्या बाजाराच्या भक्तांनीं विसरतां कामा नये अशी ही गोष्ट आहे. जें पुस्तक घेतांना कांहींच सोडावें लागत नाहीं तें वाचण्याची निकडहि लागत नाहीं. दर आठवड्यास दहा पुस्तकें आणणारा मनुष्य पांच वर्षांत अडीच हजार पुस्तकांचा धनी होतो आणि त्याच्या पश्चात् तीं दोनदां तोललीं जातात. एकदां त्याच्याकडे येण्यापूर्वीं आणि एकदां त्याच्या घरून निघतांना. मधल्या काळांत तीं वाचलीं गेलीं नसतील तर त्यांचा बाजारांतला मुक्काम संपलाच नव्हता असें म्हणावें लागेल.

येथें एक नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. विक्रेत्याला ग्रंथाची दुर्मिळता ठाऊक नाहीं, आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळीं त्यानें सांगितलेली क्षुल्लक किंमत देऊन मुकाट्यानें निघावें कीं काय? कोणी म्हणतील कीं ज्ञान हें वाचकानें श्रमानें मिळविलेलें भांडवल आहे आणि त्यावर नफा घेण्याचा त्याला अधिकार आहे. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पुस्तक पुन्हां चढ्या भावानें विकावयाचें असेल तर विक्रेत्याच्या अज्ञानावर केलेला तो व्यापार झाला, आणि सुशिक्षितपणाचा त्यांत कांहीं मोठेपणा नाहीं. निदान दुर्मिळ वस्तु मिळाल्यावर त्या गरीब मनुष्याशीं पांच रुपयांसाठीं हुज्जत घालूं नये एवढी मर्यादा तरी पाळलीच पाहिजे. वाचण्यासाठीं घेतलें असेल तर मात्र गिऱ्हाइकाच्या डोक्यावर एक ऋण चढतें आणि तें वाचून व इतरांस उपयोगीं पाडून फेडावयाचें असतें. इतिहासाचार्य राजवाडे यांचें उदाहरण या ठिकाणीं आठवतें. घरोघरच्या माळ्यांवर कुजणारीं व रद्दीच्या वाटेला लागलेलीं दफ्तरें त्यांनीं पायपीट करून मिळविलीं. १८९८ सालीं त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि पानिपतच्या काळाचीं पत्रें महाराष्ट्राच्या हातीं आलीं. त्या कागदांना त्यांनीं किती पैसे मोजले हें आज कोणी विचारीत नाहीं.

दुसरें उदाहरण या शहराच्या अधिक जवळचें आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कला शिकत असतांना जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडत आणि तेथें त्यांनीं सुमारें दोन हजार पुस्तकें जमविलीं, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनीं नमूद केलें आहे. पोटाला चिमटा घेऊन केलेली ती खरेदी होती. पुढें १९१७ सालीं विलायतेहून परततांना त्यांचें सामान ज्या जहाजावर होतें तें महायुद्धांत बुडविलें गेलें. पुस्तकांचा लोभ मात्र बुडाला नाहीं. दादरचें ‘राजगृह’ बांधतांना त्यांनीं ग्रंथांसाठीं जागा आधीं योजिली. आणि ज्यांच्या घरीं कपाट नव्हतें, पुस्तक नव्हतें, अशा मुलांसाठीं १९५० सालीं त्यांनीं याच शहरांत महाविद्यालय काढलें. तें आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलें जातें. जुन्या दुकानांत स्वस्त घेतलेल्या पुस्तकाचें मोल किती वाढूं शकतें याचा याहून मोठा दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं.

एका खोट्या सौद्याविषयींहि चार शब्द लिहिणें जरूर आहे. आज पदपथावरील पुष्कळ ढिगांत जुनें म्हणून जें विकलें जातें तें जुनें नसतेंच. खपाऊ पुस्तकांच्या त्या चोरून छापलेल्या नकला असतात. फिकट शाई, पातळ कागद, कापल्या गेलेल्या ओळी आणि सर्व प्रतींचा एकसारखा कोरेपणा, यांवरून त्या ओळखतां येतात. जुनें पुस्तक पुन्हां विकलें गेलें तर लेखकाला दुसऱ्यांदां मोबदला मिळत नाहीं हें खरें. पण तो पहिल्या विक्रींत एकदां मिळालेला असतो. चोरट्या नकलेंत तो कधींच मिळत नाहीं. वाङ्मयाच्या प्रेमानें बाजारांत जाणारानें ती विकत घेणें म्हणजे ज्या झाडाचें फळ आवडतें त्याच्याच मुळावर घाव घालणें होय.

संभाजीनगराच्या बाबतींत या सर्व विचाराला आणखी एक बाजू आहे आणि ती आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. हें शहर तीन भाषांत वाचीत आलें आहे. वली आणि सिराज या उर्दू कवींचें नातें या नगराशीं जडलेलें आहे. मौलवी अब्दुल हक यांनीं अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार अनेक वर्षें येथूनच चालविला. निजामी राजवटींत सरकारी व्यवहार उर्दूंत चाले आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. त्यामुळें मराठवाड्यांतील मराठी घरांतले वडीलधारे शाळेंत उर्दू शिकत, घरीं मराठी बोलत आणि जमाखर्च मोडींत लिहीत. जुन्या घरांतून निघणाऱ्या गठ्ठ्यांत या तिन्ही लिप्या एकत्र असणें स्वाभाविक आहे. पण गठ्ठा चाळणाऱ्या आजच्या मराठी गिऱ्हाइकाला त्यांतील एकच लिपि येते, आणि तिच्या जोडीला रोमन. उर्दूचा व मोडीचा भाग तो कुतूहलानें उलटून पाहतो आणि खालीं ठेवतो. त्यांत एखादें गणिताचें क्रमिक पुस्तक असेल, एखाद्या आजोबांची रोजनिशी असेल, एखाद्या गांवाच्या दुष्काळाची हकीकत असेल. त्याला तें सारखेंच. विक्रेताहि मग तो भाग सरळ वजनावर काढतो. येथें सौदा हुकतो तो घासाघीस न साधल्यामुळें नव्हे, वाचतां येत नाहीं म्हणून हुकतो. शेजारच्याची भाषा आणि आपल्याच आजोबांची लिपि या दोहोंना आपण पारखे झालों याचा निकाल शाळेंत लागला होता. बाजारांत त्याचा केवळ भाव जाहीर होतो.

यावरून जुन्या बाजाराच्या निकालाचें स्वरूप स्पष्ट होतें. त्याला वाङ्मयाची परीक्षा करतां येत नाहीं, वाचकांची करतां येते. तराजू ग्रंथाला रद्दी ठरवीत नाहीं. घरांत तो वाचणारें कोणी उरलें नाहीं म्हणजे तो रद्दी होतो, आणि मग तराजू येतो. तेव्हां ज्यांच्या घरीं संग्रह आहे त्यांनीं आपल्या हयातींतच त्याची यादी करावी, मुलांना त्यांतील चार पुस्तकें तरी वाचून दाखवावीं, आणि जें आपल्यामागें कोणी वाचणार नाहीं तें योग्य वाचनालयाकडे किंवा अभ्यासकाकडे आपल्या हातानें सोंपवावें. बाजारांत जाणारानें विषय मनांत धरून जावें, पानें मोजून घ्यावीं, मासिकांचे खंड दिसल्यास सोडूं नयेत, आणि मागच्या खेपेचें पुस्तक वाचून होईपर्यंत नवें घेऊं नये. जमल्यास मोडी किंवा उर्दू यांपैकीं एक लिपि तरी शिकावी. दोन्ही कांहीं महिन्यांच्या अभ्यासानें वाचतां येण्याजोग्या आहेत. असा एक एक वाचक वाढला तरी पोत्यावरील तळाचें पुस्तक थोडें वर सरकेल. विक्रेता तें लगेच ओळखील, कारण गिऱ्हाईक काय मागतें हें त्याच्याइतकें बारकाईनें दुसरें कोणी पाहत नाहीं.